वेग हवा, घाई नको

गेल्या वर्षीच्या आंतर-महाविद्यालयीन सामन्यात मी बुटाची नाडी तीनदा बांधली. तिन्ही वेळा ती सुटलेली नव्हती.

मी आपल्या कॉलेजच्या फुटबॉल टीमचा गोलकीपर आहे. त्या दिवशी समोरची टीम आमच्यापेक्षा सरस होती आणि आमचं आधीच ठरलं होतं : शून्य-शून्यवर रेटायचं, वेळ काढायचा, टायब्रेकरमध्ये काय होतंय ते बघायचं. त्यामुळे बॉल हातात आला की मी त्याच्यावर आडवा व्हायचो, सावकाश उठायचो, ग्लोव्हज नीट करायचो, नाहीच जमलं तर खाली वाकून नाडी. टायब्रेकरमध्ये आम्ही हरलो. परतीच्या बसमध्ये कुणी फारसं बोललं नाही. हरल्याचं वाईट वाटलंच, पण त्याहून जास्त वाईट वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. त्या दिवशी मी सगळ्यांत चांगलं काय केलं असेल, तर वेळ काढला.

यंदाच्या हंगामाच्या सुरुवातीला आमच्या कॅप्टननं एक गोष्ट मांडली : या वर्षी आपण वेगानं खेळूया. बॉल बाहेर गेला की लगेच थ्रो, फ्री किक मिळाली की शिट्टीची वाट न बघता लगेच किक, बॉल गेला की मागे न पळता तिथंच परत हिसकावायचा. टीममध्ये दोन तट पडले. निम्मे म्हणाले, "होय की, करूया." उरलेले म्हणाले, "उगाच कशाला पळवालास रे? अर्ध्या तासात सगळे आडवे पडतील." सर म्हणाले, तुम्हीच ठरवा आणि मला सांगा.

वाङ्मय मंडळाच्या अंकात फुटबॉलवर लेख कशाला, असं आमच्या संपादिकेनंही विचारलं. माझं उत्तर असं की या टीमला आपण सगळे 'आपली' म्हणतो, आणि हा वाद दिसतो तेवढा फक्त फुटबॉलचा नाही. कोण खेळणार, कोण बाकावर बसणार, कोण उपाशीपोटी पळणार आणि मैदानावर कुठल्या भाषेत ओरडायचं, इतकं सगळं त्यात आहे. माझं मत सुरुवातीलाच सांगतो : टीमनं वेगानंच खेळावं. पण ज्या कारणासाठी कॅप्टनला वेग हवाय, त्या कारणासाठी नव्हे. आणि काही गोष्टी आधी केल्याशिवाय तर मुळीच नव्हे.

आधी वेगवान खेळ म्हणजे काय ते बघू. बघणाऱ्याला वाटतं, वेग म्हणजे पोरांनी जास्त जोरात पळायचं. तसं नाही. फुटबॉलचा सामना 90 मिनिटांचा म्हणतात, पण मोठ्या लीगमध्येसुद्धा बॉल प्रत्यक्ष खेळात असतो तो साधारण 55 ते 60 मिनिटंच. बाकीचा वेळ थ्रो-इन, गोल किक, फ्री किक, दुखापती आणि माझ्यासारख्यांच्या नाड्या यांत जातो. वेगानं खेळणारी टीम पहिला घाव या मेलेल्या वेळावर घालते. समोरचे अजून आपापल्या जागेवर परतलेले नसतात, त्यांचा बॅक पाणी पीत असतो, तेवढ्यात बॉल आत येतो. यासाठी एक पाऊलही जास्त पळावं लागत नाही. फक्त डोकं जागं लागतं.

याचं सगळ्यांना आठवणारं उदाहरण म्हणजे 7 मे 2019 चा लिव्हरपूल-बार्सिलोना सामना. पहिल्या लेगमध्ये लिव्हरपूल 3-0 नं मागे होतं. दुसऱ्या लेगमध्ये 3-0 करून त्यांनी बरोबरी साधली आणि 79 व्या मिनिटाला कॉर्नर मिळाला. ट्रेंट अलेक्झांडर-अर्नोल्ड बॉलपासून लांब निघाल्यासारखा वळला, बार्सिलोनाच्या खेळाडूंची नजर हटली, तो झटकन माघारी फिरला आणि त्यानं कॉर्नर घेतला. ओरिगीनं गोल केला. 4-0. त्या गोलमागे आणखी एक जण होता : चौदा वर्षांचा बॉलबॉय. त्यानं दुसरा बॉल क्षणात पुढे केला म्हणून कॉर्नर तेवढ्या लवकर घेता आला. त्या गोलसाठी कुणाच्या फुप्फुसांपेक्षा त्या पोराची तत्परता जास्त उपयोगी पडली, असं मला वाटतं.

वेगाचा दुसरा भाग बॉल गेल्यानंतरचा. ग्वार्डिओलाच्या बार्सिलोनाचा प्रयत्न असायचा की बॉल गेला की पहिल्या पाच-सहा सेकंदांतच तो परत मिळवायचा. क्लॉपच्या डॉर्टमुंडनं त्याच धर्तीचा खेळ करून 2011 आणि 2012 अशी सलग दोन वर्षं जर्मन लीग जिंकली. कारण साधं आहे : ज्यानं नुकताच बॉल हिसकावलाय त्याची मान खाली असते, त्याला अजून कुठं पास द्यायचा ते दिसलेलं नसतं. त्या पाच सेकंदांत तो सगळ्यांत कच्चा असतो.

तिसरा भाग म्हणजे बॉल पायात कमी वेळ ठेवायचा. इथं परदेशात जायची गरज नाही. हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम 1950 पासून 1963 पर्यंत भारतीय टीमचे प्रशिक्षक होते. ते पोरांसाठी ड्रिबलिंगला बंदी असलेल्या स्पर्धा भरवायचे. बॉल आला की द्यायचा. अडवून नाचवायचा नाही. या माणसाच्या हाताखाली भारत 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा आला. तिथं मुंबईकडून खेळणाऱ्या नेव्हिल डिसोझांनी ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले आणि आपण 4-2 नं जिंकलो. 1962 मध्ये जकार्ताच्या एशियाडमध्ये पहिला सामना दक्षिण कोरियाशी 2-0 नं हरलो आणि फायनलमध्ये त्याच कोरियाला 2-1 नं हरवून सुवर्णपदक आणलं. 'मैदान' सिनेमामुळे ही नावं आता पुन्हा ऐकू येतात, पण सिनेमात पळणं जास्त दिसतं. रहीम साहेबांनी पळायला शिकवण्याआधी सोडायला शिकवलं.

आता विरोधकांचं म्हणणं. ते मी टिंगल न करता मांडणार आहे, कारण मागच्या वर्षापर्यंत मी त्यांच्यातलाच होतो.

पहिला मुद्दा माझ्या जातीचा, म्हणजे गोलकीपरचा आहे. पुढचे सगळे वेगानं वर गेले आणि बॉल हुकला, की मधलं अख्खं मैदान मोकळं आणि मी एकटा. वेगानं केलेला हल्ला फसला तर तो तितक्याच वेगानं आपल्यावर उलटतो. अमेरिकेत त्यांचा जो वेगळा फुटबॉल खेळतात, हातात बॉल घेऊन पळायचा, त्यात तर या वादावर पुस्तकंच्या पुस्तकं आहेत. त्या खेळात प्रत्येक डावानंतर खेळाडू घोळका करून पुढचा बेत ठरवतात. काही टीम्स घोळका न करताच लगेच पुढचा डाव सुरू करतात, म्हणजे समोरच्याला दम घ्यायला वेळ मिळत नाही. 1990 च्या सुमाराला बफेलो बिल्स ही टीम यासाठी गाजली. जानेवारी 1991 मध्ये त्यांची फायनल न्यूयॉर्क जायंट्सशी झाली. जायंट्सनी ठरवूनच संथ खेळ केला. 60 मिनिटांच्या सामन्यात 40 मिनिटांहून जास्त वेळ बॉल स्वतःकडे ठेवला. बफेलोचा तो वेगवान हल्ला बहुतेक वेळ बाहेर बसून बघत राहिला. जायंट्स 20-19 नं जिंकले.

यातून एक हिशेब लक्षात येतो. सामन्यात जितके जास्त हल्ले होतील, तितकी सरस टीम जिंकण्याची शक्यता वाढते. हल्ले कमी झाले की नशिबाला जागा मिळते. म्हणजे दुबळ्या टीमनं संथ खेळणं हा भित्रेपणा नाही, ते गणित आहे. आपली कबड्डी बघा. प्रो कबड्डीत पाच गुणांनी पुढे असलेल्या टीमचा चढाईपटू काय करतो? निदान रेषा ओलांडतो, इकडून तिकडे दोन फेऱ्या मारतो आणि तीस सेकंद संपवून परत येतो. कुणी त्याला भित्रा म्हणत नाही. पण तेच जास्त होऊ नये म्हणून नियम आहे : दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसऱ्या चढाईत गुण आणायचा, नाहीतर बाद. खेळ वेळ काढायला थोडी मुभा देतो आणि मग बोट धरून मध्ये आणतो. फुटबॉलमध्येही आता तेच आलंय. 2025 पासूनच्या नियमानुसार गोलकीपरनं बॉल आठ सेकंदांपेक्षा जास्त हातात धरला तर समोरच्याला कॉर्नर मिळतो. शेवटचे पाच सेकंद रेफ्री हात वर करून मोजतो. थोडक्यात, माझ्या कलेला आता बाजारभाव राहिलेला नाही.

दुसरा मुद्दा मैदानाचा. बेळगावात पावसाळ्यात मैदानाचं काय होतं ते सांगायला नको. तांबड्या चिखलात जमिनीवरून दिलेला पास पाच फुटांवर रुतून बसतो. निपाणीकडे गेलं तर काळी माती, बुटाला अशी चिकटते की प्रत्येक पाय दोन किलोचा होतो. अशा मैदानावर टीव्हीवरचा एकटच फुटबॉल खेळायला जाणं म्हणजे शुद्ध वेडेपणा. हे मला मान्य आहे. चिखलाच्या दिवशी बॉल हवेतून लांब मारावा, गर्दी करावी, दुसरा बॉल जिंकावा. पण चिखलातही थ्रो-इन लगेच घेता येतो. तेवढा वेग पाऊस आपल्याकडून काढून घेऊ शकत नाही.

तिसरा मुद्दा दमसासाचा, आणि इथं मात्र मला थांबून बोलायचं आहे.

पूर्ण ताकदीची एक छोटी धाव, म्हणजे सहा-सात सेकंदांची, स्नायूंत साठलेल्या तयार ऊर्जेवर होते. ती ऊर्जा निम्मी भरून यायला साधारण अर्धं मिनिट लागतं, पूर्ण भरायला तीन ते पाच मिनिटं. वेगवान खेळात अशा धावा पुन्हा पुन्हा येतात आणि मधली विश्रांती कमी होते. शिवाय आपल्या स्पर्धा आठवड्याला एक सामना अशा नसतात. आज जिंकलं की उद्या पुन्हा खेळायचं असतं. त्या दमाला लागणारं इंधन पोटातून येतं, आदल्या रात्रीच्या आणि त्या सकाळच्या जेवणातून.

गेल्या हंगामातलीच गोष्ट. आमचा एक मिडफिल्डर निपाणीकडच्या खेड्यातून येतो. सुट्टीला घरी गेला होता, सामन्यासाठी पहाटेची बस पकडून आला. निपाणी ते बेळगाव पंचाहत्तर किलोमीटरच्या आसपास, त्यात गावातून निपाणीपर्यंतचा वेगळा प्रवास. दुसऱ्या हाफमध्ये त्याच्या पोटऱ्यांत गोळे आले आणि तो माझ्या समोरच कोसळला. त्याचा पाय वर धरून ताणता ताणता मी विचारलं, "नाश्ता केलास काय रे?" तो म्हणाला, "चहा घेतला की." चहा आणि दोन बिस्किटं. त्याच्यावर तो माणूस तासभर पळाला होता. बाहेरून कुणीतरी ओरडत होतं, "ऊठ की रे, काय नाटक करालास!"

वेगवान खेळाला विरोध करणारे म्हणतात की आपल्या पोरांत दम नाही. मला ते वाक्य त्या दिवसापासून सहन होत नाही. दम आहे. पोटात काही नाही. हे दोन वेगळे आजार आहेत आणि दुसऱ्याचं औषध स्वस्त आहे. सामन्याच्या तीन तास आधी पोटभर भात किंवा पोहे, मध्यंतराला केळी, गूळ-शेंगदाण्याची चिक्की, मीठ-साखरेचं पाणी. बेळगावचा कुंदा जिंकल्यावर खाऊ, तो खाऊन पळता येत नाही. सांगायचं एवढंच की वेगानं खेळा म्हणताना आपण पोरांच्या शरीराकडून जास्त मागतोय, तर आधी त्या शरीराला काहीतरी द्या. न देता मागणं याला मी डावपेच म्हणणार नाही.

आता मी बाजू का बदलली ते सांगतो.

आपल्या टीमचा संथ खेळ नेमका कसा होता? बॉल मागे ठेवायचा, इकडून तिकडे फिरवायचा आणि संधी मिळाली की पुढच्या एकाच खेळाडूकडे लांब मारायचा. तो चांगला खेळतो, यात वाद नाही. पण मग उरलेल्या दहा जणांचं काम काय, तर बॉल त्याच्याकडे पोचवणं आणि त्याच्यासाठी वेळ काढणं. आणि बाकावरच्या पाच-सहा जणांचं काम? बाटल्या भरणं. संथ खेळात कुणी फारसं दमत नाही, त्यामुळे बदलायची गरज पडत नाही. आमच्या टीममध्ये एक जण आहे जो दोन वर्षं रोज सकाळी सहाला मैदानावर येतो, कोन मांडतो, कोन उचलतो, आणि दोन वर्षांत त्यानं स्पर्धेत एक मिनिटही खेळलेलं नाही. एकदा त्यानं मला विचारलं, "मी टीममध्ये आहे असं घरी सांगू काय नको?" मी हसून वेळ मारून नेली. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

वेगवान खेळ बाकाशिवाय चालतच नाही. साठाव्या मिनिटाला ताजे पाय लागतात म्हणजे लागतातच. मोठ्या फुटबॉलमध्ये पाच बदल आता कायमचे झालेत, तेही खेळाडूंवरचा ताण वाढल्यामुळेच. हॉकीत तर खेळाडू सारखे आत-बाहेर करता येतात, म्हणून त्या खेळाचा वेग एवढा वाढू शकला. वेगानं खेळायचं ठरलं की सरांना, कॅप्टनला, आम्हा सगळ्यांना सोळाव्या खेळाडूला तयार करावंच लागेल. दया म्हणून नव्हे, गरज म्हणून. माझ्या मते कॉलेजच्या टीमसाठी हे कारण बाकी सगळ्या कारणांपेक्षा मोठं आहे. व्यावसायिक क्लब जिंकण्यासाठी असतो. कॉलेजची टीम जिंकण्यासाठी असतेच, पण ती अठरा जणांना खेळवण्यासाठीही असते. मग ज्या पद्धतीत अठराच्या अठरा लागतात ती पद्धत आपली.

कॅप्टनचं कारण वेगळं आहे. त्याला वाटतं, वेगानं खेळलं की आपण भारी दिसू. कोल्हापूरला शाहू स्टेडियमवर पेठांचे सामने बघून आलं की असं वाटणं साहजिक आहे. तिथं बॉल पुढे गेला की अख्खी गॅलरी उभी राहते. अनिकेत जाधवसारखा पोरगा त्याच कोल्हापुरातून 2017 च्या सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपमध्ये भारताकडून खेळला. आपल्याकडे कॅम्पात सेंट पॉल्सच्या फादर एडी स्मृती स्पर्धेत शाळेची पोरं जे पळतात, तेही बघण्यासारखं असतं. पण भारी दिसण्यासाठी केलेला वेग पहिल्या गोलनंतर उतरतो. आपण मागे पडलो की घाई सुरू होते, आणि घाई म्हणजे वेग नव्हे. वेगात बॉल कुठं जाणार ते पायाला माहीत असतं. घाईत बॉल फक्त आपल्यापासून लांब जावा एवढंच वाटत असतं.

गाण्यातलं कळणारे मित्र मला सांगतात की ख्याल विलंबितात सुरू होतो आणि द्रुतात जातो, आणि द्रुत गाताना सम चुकली तर ती सगळ्यांना कळते. कुमार गंधर्व याच जिल्ह्यातल्या सुळेभावीचे, म्हणून हे उदाहरण द्यायचा मला थोडा हक्क आहे असं समजतो. लय वाढवायची म्हणजे ताल सोडायचा नाही. आपल्या टीमलाही दोन्ही लयी यायला हव्यात. एका गोलनं पुढे असू, दहा मिनिटं उरली असतील, तर बॉल पायात ठेवून शांत खेळा. मीच आधी सांगेन. समोरची टीम फारच सरस असेल तर जायंट्सचं गणित आठवा. पण आपल्या तोडीच्या टीमसमोर, कोरड्या मैदानावर, पहिल्या मिनिटापासून वेग. आपण आजवर उलटं करत आलो : कुणीही समोर असलं तरी आधी भिंत बांधायची.

शेवटचा मुद्दा भाषेचा, आणि तो या अंकाच्या वाचकांना जवळचा वाटेल.

आमच्या टीममध्ये मराठी आहे, कन्नड आहे, उर्दू आहे, माझ्या घरची कोंकणी आहे आणि वर सगळ्यांचं मोडकंतोडकं इंग्रजी आहे. एका सराव सामन्यात उंच बॉल आला. मी पुढे निघालो. आमचा डावा बॅक गोकाककडचा, त्यानं मला येताना बघितलं आणि स्टॉपरला ओरडून सांगितलं, "बिडु! बिडु!" कन्नडमध्ये बिडु म्हणजे सोड. आमचा स्टॉपर खानापूर तालुक्यातून नुकताच आलेला. त्या गलक्यात त्याला ऐकू आलं, "भिड! भिड!" आणि तो भिडला. माझ्यावरच. आम्ही दोघं खाली आणि बॉल गोलमध्ये. दुसऱ्यांदा असंच 'बंद'चं झालं. कन्नडमध्ये 'बंद' म्हणजे तो आला, मागून माणूस येतोय. आमच्या मराठी पोराला वाटलं, खेळ बंद झाला, शिट्टी वाजली असेल. तो थांबला.

नंतर आम्ही खूप हसलो. पण संथ खेळात असा गोंधळ निस्तरायला वेळ असतो, वेगवान खेळात नसतो. तिथं एका शब्दाला अर्धा सेकंद मिळतो आणि तो शब्द अकरा जणांना एकसारखाच कळावा लागतो. अमेरिकेत ओरेगन विद्यापीठाच्या टीमनं यावर एक मजेशीर उपाय काढला होता. 2009 ते 2012 या काळात चिप केली त्यांचे मुख्य प्रशिक्षक होते आणि घोळका न करता भराभर खेळण्यासाठी ती टीम प्रसिद्ध होती. बाहेरून मोठमोठे फलक दाखवायचे, त्यांच्यावर चित्रं असायची, आणि खेळाडू चित्र बघून पुढचा डाव ओळखायचे. बोलायची गरजच नाही. आपल्याला चित्रं रंगवायला नकोत. आपल्याला पाच शब्द पुरतील.

मी टीमला ते पाच शब्द सुचवलेत. 'सोड' आणि 'आला' मराठीतून. 'हिंदे', म्हणजे मागे, आणि 'तिरुगु', म्हणजे वळ, हे कन्नडमधून. आणि बॉल माझा असेल तेव्हा 'कीपर', हा इंग्रजीतून. 'बिडु' आणि 'बंद' यांना मैदानावर सुट्टी. कुणी म्हणेल, सगळे शब्द मराठीच का नकोत. कुणी म्हणेल, सगळे कन्नडच का नकोत. बाहेर या गावात दुकानाच्या पाटीवरूनही काय काय होतं ते आपण सगळे लहानपणापासून बघत आलोय. मी त्या वादात इथं शिरत नाही, माझी मराठी मला प्यारी आहे आणि हा लेख मी मराठीतच लिहितोय. पण गोकाकचा बॅक 'सोड' म्हणायला शिकतो आणि खानापूरचा स्टॉपर 'हिंदे' म्हणायला शिकतो, तेव्हा दोघांचंही काही जात नाही. उलट माझा गोल वाचतो. पहिल्या आठवड्यात सगळे चुकले. दुसऱ्या आठवड्यात खानापूरचा पोरगा कँटीनमध्ये रांगेत पुढच्याला "हिंदे, हिंदे" म्हणताना मी स्वतः ऐकलं.

तर माझं मत हे असं आहे. वेगानं खेळूया. वेग आधी बॉलचा, मग डोक्याचा, सगळ्यांत शेवटी पायांचा. अठरा जणांना तयार करूया आणि खरोखर उतरवूया. साठाव्या मिनिटाला तीन बदल हे आधीच ठरलेलं असू दे, म्हणजे कुणाच्या मर्जीवर राहणार नाही. लांबून येणाऱ्या पोरांची आदल्या रात्री हॉस्टेलमध्ये राहायची आणि सकाळच्या नाश्त्याची सोय व्हावी, एवढी एक विनंती मी या लेखातून कॉलेजला करतो. ती झाली नाही तर मी स्वतः वेगवान खेळाच्या विरोधात मत देईन आणि पुन्हा नाडी बांधायला सुरुवात करीन. उपाशी पोराला पळवण्यापेक्षा ते बरं.

वेगानं खेळून आपण हरूही. पहिले दोन-तीन सामने बहुतेक हरूच, आणि त्यातले निम्मे गोल माझ्या डोक्यावर येतील. पुढे सगळे वर गेलेले, मागे मी एकटा. हे माझं शेवटचं वर्ष आहे, त्यामुळे सुधारायला पुढचा हंगामही मला मिळणार नाही. तरी चालेल. हरल्यावर बसमध्ये बोलायला काहीतरी असेल.

आता वाङ्मय मंडळाच्या सभासदांना एक काम. घरच्या मैदानावरच्या सामन्याला बॉल भराभर आत फेकायला सहा जण लागतात. फुटबॉल येत असलाच पाहिजे अशी अट नाही. कविता वाचता वाचता उभं राहिलात तरी चालेल, फक्त बॉल तुमच्याकडे आला की पुस्तक खाली ठेवायचं. नावं माझ्याकडे द्या.